बंदुकीविना पॉइंटर : पारोळ्याजवळच्या एका श्वान-प्रशिक्षण केंद्राविषयी

जळगाव, भुसावळ आणि धुळ्याच्या नव्या वसाहतींमध्ये जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीचे कुत्रे अलीकडे दिसू लागले आहेत. तपकिरी डोके, अंगावर बारीक ठिपके, तुळतुळीत आखूड केस आणि खांद्यापाशी 62 ते 66 सेंटिमीटर उंचीचा नर, असे त्याचे रूप असल्यामुळे पिल्लू पाहताच घरात हट्ट सुरू होतो. मात्र हा कुत्रा एकोणिसाव्या शतकात जर्मनीत घडवला गेला तो दिवसभर रानात पळून गवतात दडलेला पक्षी वासाने हुडकावा आणि त्याच्यापासून काही पावलांवर निश्चल उभे राहून मालकाला त्याची जागा दाखवावी यासाठी, ही गोष्ट पिल्लू विकणारा सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. दोन खोल्यांच्या घरात बांधून ठेवलेला पॉइंटर वर्षभराचा होईतो गाद्या फाडतो, भिंतीचा गिलावा उकरतो आणि शेवटी कोणाच्या तरी शेतावर राखणीला पाठवला जातो. राखणीसाठी लागणारा स्वभाव त्याच्यात नसल्याने तिथेही त्याची आबाळच होते.

माझ्या घरी याच जातीचा नर आहे. बस, ऊठ, बरोबर चाल एवढे शिकवणारे वर्ग मोठ्या गावांत आहेत आणि अंगावर सोडण्याचे शिक्षण देणारेही आहेत, परंतु पॉइंटरला त्याचे स्वतःचे काम शिकवणारे ठिकाण खान्देशात मला एकच सापडले. धुळे-जळगाव महामार्गावरून पारोळ्याच्या अलीकडे आत वळल्यावर, बोरी नदीच्या खोऱ्यातल्या कोरडवाहू शेतांच्या टोकाला असलेल्या खासगी बरड जमिनीवर हे केंद्र चालते. वडील आणि मुलगा मिळून ते सांभाळतात. वडिलांना सगळे आबा म्हणतात, मुलाला दादा. आपले नाव आणि पत्ता छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे तो तपशील येथे दिलेला नाही. पारोळा आणि अमळनेर भागातल्या पशुवैद्यकांना हे ठिकाण ठाऊक आहे.

पहिल्या भेटीत आबांनी कुत्र्याकडे पाहण्याआधी मला कायदा समजावून सांगितला, आणि त्याच क्षणी या केंद्राविषयी माझे मत चांगले झाले. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आणि परवाना घेऊन शिकार करण्याची त्यात उरलेली वाट 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. तितर, लावा, पखुर्डी यांपैकी कोणताही रानपक्षी मारणे हा गुन्हा आहे, एवढे बहुतेकांना माहीत असते. कायद्याने केलेली शिकारीची व्याख्या मात्र त्याहून बरीच रुंद असून तीत पकडणे, फासे लावणे, हाकणे आणि पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हेही येते, हे फार थोड्यांना माहीत असते. म्हणजे हातात बंदूक नसली तरी रानातल्या तितरांवर कुत्रा सोडून त्यांना उठवत राहणे कायद्याला मान्य नाही. आबांच्या मते ते न्यायालाही धरून नाही, आणि मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. आपल्याकडचे माळ आधीच नांगराखाली आणि वस्त्यांखाली गेले आहेत. पावसाळ्यात गवतावर उंच उड्या मारून मादीला बोलावणारा तणमोराचा नर त्या उड्यांमुळेच बंदुकीला सहज सापडत असे, आणि आज तो पक्षी नामशेष होण्याच्या काठावर आहे. ज्या जमिनीवर असे घडले, तिथे पॉइंटर बाळगणाऱ्याने जास्तच जपून वागले पाहिजे.

मग पक्षी न मारता आणि रानपक्ष्यांना न छेडता पक्षी दाखवणारा कुत्रा तयार कसा करायचा, हा खरा प्रश्न उरतो. केंद्राने त्यावर काढलेला मार्ग साधा असला तरी मेहनतीचा आहे. शेताच्या एका कडेला खुराडा असून त्यात घराकडे परतणारी पाळीव कबुतरे आहेत. धड्याच्या वेळी एक कबुतर जाळीच्या हवेशीर पेटीत ठेवून ती पेटी गवतात दडवली जाते, कुत्र्याचा धडा संपला की दोरी ओढून झाकण उघडले जाते, आणि कबुतर उडून थेट खुराड्यावर जाऊन बसते. त्याला कुत्र्याचे तोंड कधीही लागत नाही. अगदी लहान पिल्लांसाठी कबुतरही वापरत नाहीत. जपानी लाव्यांच्या जवळच्याच एका फार्मवरून पिसे आणि खालचा भुसा आणतात, छिद्रे पाडलेल्या डब्यात भरतात आणि डबा गवतात ठेवतात. पेट्या सावलीत असतात का, एकाच कबुतराला सलग धड्यांसाठी वापरले जाते का, पाणी मिळते का, हे मी मुद्दाम पाहिले. एक कबुतर एका सकाळी एकदाच वापरले जाते, आणि मार्चअखेरीस ऊन चढले की पेट्यांचे काम पूर्ण थांबवले जाते. माणसाच्या हौसेसाठी दुसऱ्या जिवाला वेठीस धरायचे असेल तर किमान एवढी काळजी घेतलीच पाहिजे, आणि ती येथे घेतली जाते.

केंद्राची खरी ताकद कुत्र्याला उभे राहायला शिकवण्यात आहे. पक्ष्याचा वास आल्यावर क्षणभर थबकणे पॉइंटरच्या रक्तातच असते आणि तीन महिन्यांचे पिल्लूही ते करते. त्या क्षणानंतर झेप घेण्याची ओढही तितकीच उपजत असते. प्रशिक्षणाचे सारे मर्म त्या थबकण्याला लांबवण्यात आहे, आणि तेही कुत्र्याला पक्ष्याची भीती न घालता. बहुतेक उतावळे प्रशिक्षक पक्ष्याजवळच कुत्र्याला दटावतात. मार पक्ष्याच्या वासासोबत बसल्यामुळे कुत्रा पुढे पक्ष्यालाच टाळू लागतो, वास येऊनही तोंड फिरवतो, आणि असा बिघडलेला कुत्रा पुन्हा वळणावर आणणे फार अवघड असते. आबांकडे “थांब” हा हुकूम आधी पक्ष्यापासून पूर्ण दूर, अंगणात शिकवला जातो. गुडघाभर उंचीच्या फळीवर कुत्र्याला उभे करायचे, पाठीवरून आणि पोटाखालून हात फिरवायचा, शेपटीपासून मानेपर्यंत त्याचे अंग शांत करायचे, एक पाऊल दूर जायचे, परत यायचे. फळीवर तो निवांत उभा राहू लागला की जमिनीवर, मग चालता चालता, मग धावता धावता, मग खाण्याचे ताट समोर असताना. सुमारे 30 फुटांचा सुती दोर पट्ट्याला लावलेला असतो, पण तो ओढण्यासाठी क्वचितच वापरतात. दोर ताणला गेला म्हणजे आपण एक पायरी गाळली, असे दादांचे म्हणणे आहे. हे सर्व अंगात भिनल्यावरच कुत्रा वासाच्या पेटीसमोर जातो, आणि तिथे कोणी त्याच्यावर ओरडत नाही. तो पुढे सरकला तर कबुतर उडून जाते, आणि उभा राहिला तर वास त्याच्या नाकात टिकतो. पुढे सरकल्याने पक्षी हातचा जातो हे त्याचे त्यालाच उमजते.

विजेच्या झटक्याचा पट्टा या केंद्रात अजिबात वापरला जात नाही, हे वेगळे नोंदवतो. वेल्समध्ये 2010 पासून अशा पट्ट्यांवर बंदी आहे. आपल्याकडे ते सहज विकत मिळतात आणि घाईच्या प्रशिक्षणाचा आधार बनले आहेत. पॉइंटरची कातडी पातळ आणि मन हळवे असल्यामुळे या जातीवर तरी त्यांचा प्रयोग होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा मोठा धडा वाऱ्याचा. माग काढणारा कुत्रा नाक जमिनीला लावून पावलांचा वास घेत जातो, तर पॉइंटर मान उंच ठेवून हवेतून वाहत येणारा वास पकडतो. दडलेल्या पक्ष्याचा वास त्याच्यापासून वाऱ्याच्या दिशेने पसरत जातो, जवळ अरुंद आणि दूर रुंद. त्यामुळे कुत्र्याने वाऱ्याकडे तोंड करून डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे असे शेत पालथे घालायचे असते, आणि मालकानेही वारा पाठीशी नव्हे तर तोंडावर घेत शेतात शिरायचे असते. हे कुत्र्यापेक्षा माणसाला शिकवणे अधिक कठीण आहे. आबा प्रत्येक धड्याआधी मूठभर बारीक माती वरून सोडतात आणि ती कोठे वाहते ते पाहून पेटीची जागा ठरवतात. सूर्योदयाच्या सुमारास, गवतावर दहिवर असताना, वास खाली आणि जवळ टिकून राहतो. जमीन तापली की हवा वर उठू लागते आणि वास विस्कटतो. खान्देशात हिवाळ्यातही दहा वाजेनंतर हा फरक जाणवतो, म्हणून धडे त्याआधीच संपवतात. त्यामागे आणखी एक कारण आहे. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो, आणि तोंडाने धापा टाकत असताना त्याला नाकाने नीट हुंगता येत नाही. आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “भाऊ, कुत्रा धापा टाकाले लागना, का त्यानं नाक बंद व्हयनं समजा.” कुत्रा दमल्यानंतर चुकला तर त्याला शिक्षा करणे किती अन्यायाचे आहे, हे या एका वाक्यात आले.

दोन कुत्रे एकत्र सोडले असता एकाने पॉइंट धरल्यावर, म्हणजे पक्ष्याच्या वासावर तो निश्चल उभा राहिल्यावर, दुसऱ्याने त्याला पाहून आहे तिथेच उभे राहावे, हा धडाही येथे देतात. माझ्या कुत्र्याच्या बाबतीत तो अर्धवटच उतरला आहे. जोडीला घेतलेला केंद्राचा म्हातारा इंग्लिश पॉइंटर अतिशय संयमी आहे, परंतु एकाच कुत्र्यासोबत सराव झाल्याने माझा कुत्रा फक्त त्याचाच मान राखतो. जोडीचे कुत्रे बदलत राहणे आवश्यक आहे, आणि केंद्रात पॉइंटर जातीचे पुरेसे कुत्रे एकाच वेळी क्वचितच असतात.

आता उणिवांकडे येतो, कारण त्या किरकोळ नाहीत. येथील माळावर कुसळी गवत दाट आहे. दिवाळीनंतर ते वाळले की त्याची टोकदार कुसळे केसांत अडकतात, बोटांच्या बेचक्यांतून आणि कानांतून आत शिरतात आणि आत शिरलेले कुसळ पुढेच सरकत राहते. आखूड केसांच्या जातीलाही त्यापासून सुटका नाही. प्रत्येक धड्यानंतर चारही पंजे, कान, काखा आणि डोळ्यांचे कोपरे तपासणे हा अशा ठिकाणचा पहिला नियम असायला हवा. केंद्रात ही तपासणी होते, पण ती संध्याकाळी होते आणि मदतनीस गडी घाईत असला की वरवर होते. माझ्या कुत्र्याच्या पुढच्या पंजात राहिलेले कुसळ घरी आल्यावर गळवाच्या रूपाने वर आले आणि ते पशुवैद्यकाकडून काढावे लागले. मी हे सांगितल्यावर दादांनी धड्यानंतर लगेच तपासणी सुरू केली आहे, तरी कुत्रा सोडताना मालकाने ही अट स्पष्ट बोलून घ्यावी.

गोचिडांचा बंदोबस्तही अधिक काटेकोर हवा. तपकिरी गोचिडीमुळे होणारा एर्लिशियाचा ताप कुत्र्याच्या रक्तातल्या पेशींवर घाला घालतो आणि आपल्या उष्ण हवेत गोचिडांना वर्षभर मोकळे रान असते. केंद्रातल्या राहण्याच्या खोल्या स्वच्छ आहेत, छपरावर उसाच्या पाचटाचा थर आहे आणि पाण्याची कुंडी सावलीत आहे, परंतु भिंतींच्या दगडी सांध्यांत गोचिडी लपायला भरपूर जागा आहे. ते सांधे सिमेंटने भरून घेणे हा मोठा खर्च नव्हे. कुत्र्याला गोचीड-प्रतिबंधक गोळी देऊनच तेथे ठेवावे. माळ खडकाळ असल्याने फुरशाची भीती खरी आहे. आबा दगडांच्या राशींजवळ कुत्रा कधीच सोडत नाहीत आणि सर्पदंशावरचे प्रतिविष असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, तेथे रात्री कोण भेटतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. या बाबतीत त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवता येतो.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र बंद काळाविषयी आहे. केंद्र जून ते सप्टेंबर माळावरचे काम बंद ठेवते आणि कुत्र्यांना फक्त अंगणातले धडे देते, कारण पावसाळा पक्ष्यांच्या विणीचा असतो. हेतू उत्तम आहे आणि काळ्या छातीच्या पावसाळी लाव्याच्या बाबतीत तो बरोबरही आहे. राखी तितराची वीण मात्र साधारण एप्रिलपासूनच जोर धरते, आणि बोराच्या झुडपांखालची, बांधालगतच्या खळग्यातली तितराची घरटी त्या शेताच्या परिसरात नक्कीच असणार, कारण सकाळी तितरांची ललकारी तेथे चहूबाजूंनी ऐकू येते. मार्चअखेरीस पेट्या बंद होतात, तरी मोकळे पळण्याचे धडे मे महिन्यापर्यंत चालू राहतात. वासावर चालणारा कुत्रा अंड्यांवर बसलेल्या मादीपर्यंत हमखास पोहोचतो. तो शिकवल्याप्रमाणे उभा राहिला तरी मादी उठते, आणि रणरणत्या उन्हात अंडी उघडी पडतात. माळ मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पूर्ण बंद ठेवावा, असे मी आबांना सुचवले आहे. त्यामुळे त्यांचे सुमारे अडीच महिन्यांचे उत्पन्न घटेल हे मला कळते. तरीही जे केंद्र पहिल्याच भेटीत कायदा समजावून सांगते, त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवणे अवास्तव नाही. हा बदल होईपर्यंत आपला कुत्रा उन्हाळ्यात तेथे पाठवू नये, एवढे वाचकांना सांगणे मला आवश्यक वाटते.

मालकाच्या शिक्षणाला दिलेला वेळही अपुरा आहे. कुत्रा येथे राहून शिकतो आणि मालकाला शेवटच्या आठवड्यात बोलावतात. दादांच्या एका शब्दावर दगडासारखा उभा राहणारा कुत्रा मालकाच्या हाती दोर येताच धडपडू लागतो, कारण मालकाचा आवाज चढतो, हात घाई करतो आणि वाऱ्याचे भान सुटते. दर पंधरवड्याला एक सकाळ मालकासाठी ठेवली तर हा प्रश्न बराच सुटेल. तसेच कुत्र्याने काय शिकले, कोठे अडला, याची लेखी नोंद केंद्र ठेवत नाही. सारे आबांच्या स्मरणात असते. त्यांचे स्मरण विलक्षण आहे, पण घरी नेलेल्या कुत्र्याचा सराव पुढे चालवणाऱ्याला वहीची दोन पानेही मोठा आधार देतील.

एवढे असूनही माझ्या कुत्र्यात झालेला बदल मला अत्यंत मोलाचा वाटतो. आता तो घरात शांत झोपतो. सकाळी मित्राच्या रिकाम्या शेतात पिसांचा डबा लपवून त्याला सोडले की वाऱ्यावर आडवा धावत जातो, अचानक अर्ध्या पावलात थिजतो, पुढचा एक पाय उचललेला, शेपटी सरळ, नाकपुड्या थरथरत असलेल्या, आणि मी जवळ जाऊन खांद्याला हात लावेपर्यंत हलत नाही. या कुत्र्याचे काम बंदुकीशिवाय अपुरे राहते, असे शिकारीच्या जुन्या आठवणी सांगणारे लोक म्हणतात. मला ते पटत नाही. पक्षी शोधणे आणि त्याच्यासमोर स्वतःला आवरणे, हे त्याचे काम आहे, आणि ते पक्षी उडून गेल्यावर पूर्ण होते. गोळी हा भाग माणसाने स्वतःसाठी जोडलेला होता.

या कौशल्याचा उपयोग पक्ष्यांसाठीच करता येतो, याचे दाखले बाहेर आहेत. स्कॉटलंडच्या माळांवर ग्राउझ या तितरासारख्या रानपक्ष्यांची गणती पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांच्या मदतीने होते, नॉर्वेत ग्राउझच्याच कुळातल्या टार्मिगन पक्ष्यांची मोजणी ठरावीक रेषांवर कुत्रे चालवून केली जाते, आणि न्यूझीलंडमध्ये किवीसारखे दुर्मीळ पक्षी शोधण्यासाठी मुसके बांधलेले, खास परीक्षा उत्तीर्ण झालेले कुत्रे वापरतात. तितर, लावा आणि दुर्री यांसारखे गवतात दबून बसणारे पक्षी नुसत्या डोळ्यांनी मोजताना नेहमीच कमी भरतात. वन विभागाच्या लेखी परवानगीने आणि अभ्यासकांच्या देखरेखीखाली, विणीचा काळ सोडून, खान्देशच्या माळांवर अशी गणती झाली तर तिला लागणारे शिस्तीचे कुत्रे या केंद्रात तयार होऊ शकतात. आबांची त्यासाठी मोबदला न घेता काम करण्याची तयारी आहे. परवानगीविना मात्र ते एकही कुत्रा अभयारण्याच्या किंवा वनजमिनीच्या हद्दीत नेत नाहीत, मग मालकाने कितीही आग्रह धरला तरी.

शुल्क महिन्याला 12,000 रुपये असून खाद्य त्यात धरलेले नाही. उभे राहण्याचे शिक्षण पक्के होण्यास साधारण तीन महिने लागतात आणि त्याआधी कुत्रा परत नेऊ नये. केंद्र पिल्ले विकत नाही आणि पैदासही करत नाही, त्यासाठी 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे नोंदणी असलेल्या पैदासकाराकडेच जाण्याचा सल्ला देते. सहा महिन्यांखालचे पिल्लू घेत नाहीत. लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड घेऊन येणाऱ्यांना नम्रपणे परत पाठवतात. प्रवेश ऑक्टोबरच्या सुरुवातीला घ्यावा म्हणजे थंडीचा सगळा काळ हाती लागतो. सोबत रेबीज आणि इतर लसीकरणाचे पुस्तक, अलीकडचा रक्त-तपासणीचा अहवाल आणि कुत्र्याच्या रोजच्या खाद्याचा निदान आठवडाभराचा साठा न्यावा, कारण खाद्य एकदम बदलले की पहिल्या आठवड्यात पॉइंटरचे पोट हमखास बिघडते.